बेडूक 'नवा' कधी होतो?

2005 साली सिंगापूरहून निघणाऱ्या एका प्राणिशास्त्राच्या नियतकालिकाचा पुरवणी अंक आला आणि श्रीलंकेच्या बेडकांच्या यादीत एकदम 35 नावांची भर पडली. एका शोधनिबंधात 27, दुसऱ्यात 8. सगळे झुडपी बेडूक. बहुतेक दोन-चार सेंटिमीटरचे, एका ओंजळीत पाच-सात मावतील असे.

असलं काही वाचून दाखवलं की आमच्या आईचा एकच प्रश्न असतो, "मग इतकी वर्षं कुठं होते ते?"

तिथंच होते. त्या अंकातल्या एकाचं नाव पॉप्युलॅरिस, म्हणजे लॅटिनमध्ये 'लोकांमधला'. हा घनदाट रानातला नव्हे, परसबागांत आणि वस्तीच्या कडेच्या झुडपांत राहणारा. 2005 च्या आधीही कुणाच्या तरी न्हाणीघरामागे तो रोज रात्री ओरडत होता आणि घरातली पोरं त्याच्या आवाजात झोपी जात होती. शास्त्राच्या वहीत मात्र त्याचं वेगळं खातं नव्हतं. तिथं तो दुसऱ्याच्या नावावर खपून जात होता.

घोळ आपल्या क्रियापदात आहे. आपण म्हणतो 'नवी प्रजाती सापडली'. बेडूक सापडतो एका रात्रीत. तो नवा आहे हे ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्याला कधी दोन वर्षं लागतात, कधी दीडशे. हे ठरवतात कसं, ते इथे सांगतो. उदाहरण श्रीलंकेचं घेतलंय, कारण या बेटाच्या बेडकांनी भल्याभल्यांना चकवलंय, आणि या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या आंबोलीत येऊन पोचतो.

शब्दांची एक भानगड आधीच मिटवून टाकू. शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाची सगळ्यात खालची पायरी 'जाती' आणि तिच्यावरची 'प्रजाती'. वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती' छापून येतं तेव्हा त्यांना शाळेतली 'जाती' म्हणायची असते. मी वर्तमानपत्रांच्या बाजूने आहे. प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि तिच्यावरच्या पायरीला, म्हणजे जीनसला, मी 'वंश' म्हणतो. बाईंनी गुण कापले तर कापोत.

डबकं न लागणारा बेडूक

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी. त्यातही ओलं सदाहरित रान नैर्ऋत्येच्या पट्ट्यात आणि मधल्या डोंगरांत: सिंहराजा, श्रीपाद शिखराचा परिसर, नकल्सची रांग. एवढ्याशा जागेत झुडपी बेडकांच्या ऐंशीच्या घरात प्रजाती आज मोजल्या जातात, त्यातल्या काही आता उरल्या नसल्या तरी. सगळ्या एकाच वंशातल्या. त्या वंशाचं नाव स्यूडोफिलॉटस.

एवढ्या कशा झाल्या? याचं बरंचसं उत्तर अंड्यात आहे. पाऊस आणि बेडूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डबकं येतं, त्यात वळवळणारे शेपटीवाले बेडूकमासे, मग त्यांना फुटणारे पाय. झुडपी बेडकांनी हा सगळा मधला कारभार गुंडाळून टाकलाय. मादी रानातल्या ओल्या मातीत छोटा खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती मातीआड करून निघून जाते. काही मोजक्या प्रजाती पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतात. बेडूकमाशाची अवस्था अंड्यातल्या अंड्यातच उरकते. काही आठवड्यांनी बाहेर पडतो तो चार पायांचा पुरा बेडूक, भिजवलेल्या साबुदाण्याएवढा.

म्हणजे याला ओढा लागत नाही, तळं लागत नाही. लागते ती सावलीतली ओली माती, आणि तिच्याविना त्याचं भागत नाही. डोंगरमाथा ओला आणि खालचा खोरा कोरडा असेल, तर माथ्यावरचे बेडूक माथ्यावरच अडकतात. शेजारच्या माथ्यावरच्या भाऊबंदांशी सोयरिक तुटते. हवामान कधी ओलं, कधी कोरडं होत लाखो वर्षं गेली की दोन माथ्यांवर दोन निराळे बेडूक झालेले असतात. दिसायला मात्र ते इतके सारखे, की हातात धरूनही फरक कळू नये.

उलटही होतं, आणि ते जास्त वैतागवाणं. एकाच प्रजातीत एकाच्या पाठीवर पट्टा असतो, दुसऱ्याच्या ठिपके, तिसरा नुसता मातकट. म्हणजे वेगळे दिसतात ते एक निघतात आणि सारखे दिसतात ते वेगळे. एकोणिसाव्या शतकात लंडनला बसून, दारूच्या बरणीतल्या रंग उडालेल्या दोन-चार बेडकांवरून ज्यांनी या बेटाची यादी केली, त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

ती यादी वाढायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. रोहन पेथियागोडा हे पेशाने इंजिनिअर. सरकारी नोकरी सोडून गोड्या पाण्यातल्या माशांच्या मागे लागले आणि 1990 साली त्यांनी वाइल्डलाइफ हेरिटेज ट्रस्ट सुरू केला. केलुम मनमेंद्र-आराच्ची, माधव मेगस्कुंबुरा यांच्यासारखी माणसं त्यात आली, आणि 1993 पासून या मंडळींनी बेटावरची रानं रात्रीमागून रात्री पालथी घातली. 2002 साली 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला तेव्हा जगाला कळलं की मूठभर वाटणारे श्रीलंकेचे झुडपी बेडूक शंभराच्या आसपास असू शकतात. पेथियागोडांना पुढे 2022 साली लंडनचं लिनियन पदक मिळालं.

रात्र, आवाज आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी

काम सुरू होतं परवान्यापासून. श्रीलंकेत वन्यजीव खात्याची आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय रानातला बेडूक उचलता येत नाही, देशाबाहेर नमुना न्यायचा तर आणखी कागद. याला महिने जातात. कुठल्याही देशातल्या संशोधकाला चहा पाजून या विषयावर बोलतं केलंत तर संध्याकाळ सरते. पण परवान्यामागे कारण आहे. दोनशे वर्षं या बेटावरून नमुने बोटीत भरून बाहेर गेले आणि आता स्वतःच्याच बेडकाची खातरजमा करायला तिथल्या माणसाला लंडनचं तिकीट काढावं लागतं.

मग रान. डोक्याला टॉर्च, पायात जळवांचे मोजे, तरी जळवा चढतातच. डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त जास्त. नर ओरडतो तो आपल्याच प्रजातीच्या मादीसाठी, त्यामुळे आवाज हा त्याचा सगळ्यात खरा पत्ता. माणूस पाठीवरच्या पट्ट्याने फसेल, मादी आवाजाने फसत नाही. म्हणून आधी रेकॉर्डिंग घेतात, आणि त्याच्यासोबत हवेचं तापमान टिपतात. बेडकाचं रक्त बाहेरच्या हवेइतकंच गार-गरम असतं. गारठ्यात तोच बेडूक सावकाश टिकटिकतो. तापमान लिहिलं नाही तर एकाच बेडकाच्या गार आणि उबदार रात्रीच्या आवाजांना दोन प्रजाती समजण्याची चूक सहज होते.

आवाजावरून सुरू झालेला या बेटावरचा सगळ्यात गाजलेला शोध बेडकाचा नाही, घुबडाचा आहे. पक्ष्यांच्या आवाजांचे जाणकार दीपाल वारकागोडा यांनी 1995 साली कितुलगलाच्या रानात एक हलकी, थरथरती शीळ ऐकली. ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याची नव्हती. सहा वर्षं ते त्या आवाजामागे होते. 2001 च्या जानेवारीत सिंहराजात तो पक्षी अखेर दिसला, तांबूस रंगाचं एक छोटं घुबड. 2004 साली पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसन यांच्यासोबत त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ओटस थिलोहॉफमॅनी. सिंहराजाची लाकूडतोड थांबावी म्हणून झटलेले थिलो हॉफमन, त्यांच्यावरून. श्रीलंकेत नवा पक्षी नोंदला गेला तो 1868 नंतर पहिल्यांदाच. कानावर आल्यापासून नाव लागेपर्यंत नऊ वर्षं, आणि तेही घुबडासारख्या सगळ्यांना आवडणाऱ्या प्राण्यासाठी.

पुन्हा बेडकाकडे. आता जे सांगतो ते काहींना आवडणार नाही. बेडूक मारावा लागतो. तोही एक नाही, शक्यतो काही नर, काही माद्या. आधी जिवंतपणी फोटो, कारण रंग फार टिकत नाही. मग भूल देऊन वेदना न होता मारणं. लगेच यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून कडक अल्कोहोलमध्ये. हा तुकडा डीएनएसाठी, आणि तो फॉर्मलिनच्या आधीच काढायचा, कारण फॉर्मलिन शरीर उत्तम टिकवतं पण डीएनएची वाट लावतं. मग ताटलीत बेडकाचे हातपाय नीट मांडून, बोटं पसरून, त्यावर फॉर्मलिन. एकदा ताठरला की ताठरला. वाकडा ठेवलात तर पुढची दोनशे वर्षं जो कोणी मोजायला घेईल तो तुमच्या नावाने बोटं मोडेल. शेवटी 70 टक्के अल्कोहोलची बरणी, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर क्रमांक, न विरघळणाऱ्या शाईत. वहीत त्या क्रमांकापुढे जागा, उंची, तारीख, वेळ, कशावर बसला होता, कुणी पकडला.

फोटोवर भागत नाही का? अनेकदा नाही भागत. बोटांमधला पडदा किती, जिभेवर उंचवटा आहे का, टाळूला दात आहेत का, हे फोटोत येत नाही. आणि उद्या कुणी नवा प्रश्न विचारला तर फोटो त्याचं उत्तर देणार नाही, बरणीतला बेडूक देईल. माझं विचाराल तर चार बेडकांच्या जिवाचा हिशोब मांडताना शेजारच्या उतारावर गेलेल्या जंगलाचाही मांडावा. तिथल्या बेडकांना ना चिठ्ठी मिळाली ना बरणी.

सातबारा आणि फेरफार

आता टेबल. व्हर्नियर कॅलिपर आणि सूक्ष्मदर्शक घेऊन एकेक माप: नाकाच्या टोकापासून मागच्या छिद्रापर्यंतची लांबी, डोळ्याचा व्यास, दोन नाकपुड्यांमधलं अंतर, मांडी, नडगी, प्रत्येक बोटाच्या टोकाची गादी. एका बेडकाची वीस-तीस मापं, असे दहा-वीस बेडूक. दुसरीकडे प्रयोगशाळेत डीएनएची अक्षरं जुळवणं चालू. तिसरीकडे संगणकावर आवाजाची चित्रं. रूप, आवाज, डीएनए असे तीन साक्षीदार. तिघांची जबानी जुळली तर काम सोपं. एकट्या डीएनएवर विसंबणारेही आहेत; पण इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा सगळीकडे चालणारा दंडक नाही. फरक किती यापेक्षा हे दोन गट आपापसांत मिसळतात की नाही, हा खरा प्रश्न.

आणि मग सगळ्यात किचकट भाग: हा आधी कुणी नोंदलेला तर नाही ना? त्यासाठी या गटात आजवर छापलेलं प्रत्येक नाव काढून त्याच्या मूळ नमुन्याशी ताडून पाहावं लागतं. हा मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. नवी प्रजाती जाहीर करताना लेखक एका नमुन्यावर बोट ठेवून सांगतो की हे नाव याचं. बाकीच्यांबद्दल वाद होऊ शकतो, याच्याबद्दल नाही. मला तो सातबाऱ्यासारखा वाटतो. जमीन कितीही वाटली, कुंपणं कितीही हलली, तरी नाव त्या एका गटाला चिकटलेलं. श्रीलंकेच्या जुन्या बेडकांचे बरेचसे सातबारे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. काही हरवलेत, आणि सातबारा हरवलेल्या जमिनीचं काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

नाव देण्याचे नियम एका आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे, आणि तिच्या लेखी प्राण्यांची नावं 1758 पासून मोजायची, त्या साली वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली म्हणून. नाव रोमन लिपीत हवं. हा इतरांपेक्षा कुठे वेगळा, हे शब्दांत लिहिलेलं हवं. होलोटाइप कुठला आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, हे सांगायला हवं. निबंध छापून सर्वांना मिळेल असा हवा. 2012 पासून फक्त इंटरनेटवर निघालेला निबंधही चालतो, मात्र त्याची झूबँक नावाच्या नोंदवहीत आधी नोंद हवी. पुरुषाच्या नावावरून द्यायचं तर शेवटी 'आय', बाईच्या नावावरून 'एई'. स्वतःचं नाव स्वतःच्या बेडकाला द्यायला नियमाची बंदी नाही, पण तसं केलंत तर परिषदेत चहाच्या टेबलावर तुमच्याशेजारी कुणी बसणार नाही. बाकी मोकळीक. 2005 च्या त्याच अंकात डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला एक बेडूक आहे, कँडीजवळच्या गन्नोरुवाचा. त्याचं नाव झोरो.

या संहितेत एक गोष्ट नाही, आणि ती ऐकून बहुतेकांना धक्का बसतो: मंजुरी. 'नव्या प्रजातीला मान्यता मिळाली' असं आपण वाचतो, पण मान्यता देणारं कार्यालय जगात कुठेच नाही. संहिता फक्त नाव नियमात बसतं की नाही ते पाहते. त्या नावाची प्रजाती खरी आहे की नाही, यावर ती अवाक्षर काढत नाही. चांगली नियतकालिकं छापण्याआधी दोन-तीन जाणकारांकडून निबंध तपासून घेतात, पण तो त्यांचा शिरस्ता, संहितेची अट नव्हे. छापून झाल्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं इतर अभ्यासक ते नाव वापरतात की टाकून देतात, हाच निकाल. कुणी दाखवून दिलं की तुमचा नवा बेडूक म्हणजे 1872 चाच बेडूक, तर जुनं नाव राहतं आणि तुमचं त्याच्या खाली समानार्थी म्हणून जातं. सातबाऱ्यावर फेरफार.

वंशाचा फेरफार तर नेहमीचाच. पॉप्युलॅरिस, झोरो आणि मंडळी 2005 साली फिलॉटस वंशात नोंदली गेली होती. काही वर्षांतच डीएनएवरून दिसलं की श्रीलंकेचं घराणं वेगळं, मग सगळे स्यूडोफिलॉटसमध्ये आले. एखाद्या यादीत प्राण्याच्या नावापुढे लेखकांची नावं आणि साल कंसात दिसलं, तर समजायचं की हा मूळ वंशातून हलवलेला आहे. कंस नसेल तर जिथे जन्मला तिथेच आहे.

कपाटातले बेडूक

आता त्या दीडशे वर्षांच्या गोष्टीकडे येतो. श्रीलंकेच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कॉफीसाठी रानं साफ केली. 1869 साली कॉफीवर तांबेरा आला, कॉफी बसली, आणि त्याच उतारांवर चहा आला. रान परत आलं नाही. त्याआधी किंवा त्या धामधुमीत पकडलेले काही बेडूक लंडनच्या बरण्यांत पडून होते, दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली.

1990 च्या दशकातल्या पाहणीनंतर जिवंत बेडकांची नीट ओळख झाली, तेव्हा मेगस्कुंबुरा आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या बरण्या पुन्हा उघडल्या. दोन बेडूक कशातच बसेनात. एकाच्या अंगावर ठिपके. दुसरी मादी, आणि तिच्या पोटाला अंडी चिकटलेली. या वंशात पोटाला अंडी घेऊन वावरणारी मादी म्हणजे नवलच. 2007 साली दोघांची नावं छापली: ठिपकेवाला पार्डस, म्हणजे बिबट्या, आणि ती मादी माइया, ग्रीक पुराणातल्या एका आईच्या नावावरून. नाव मिळालं त्याच दिवशी दोन्ही प्रजाती नामशेष म्हणून जाहीर झाल्या. इतक्या शोधातही कुणालाच त्या रानात दिसल्या नव्हत्या. जगभरात नामशेष ठरवलेल्या बेडकांच्या यादीत जवळजवळ निम्मी नावं या एका बेटाची आहेत, ती अशीच आली.

पण यादीतून परत येणारेही आहेत. केलार्ट नावाच्या, श्रीलंकेतच जन्मलेल्या डॉक्टरने 1853 साली स्टेलॅटस या बेडकाचं वर्णन केलं होतं. नंतर तो दिसलाच नाही. 2009 साली मेंडिस विक्रमसिंघे आणि त्यांच्या चमूला तो श्रीपादाच्या रानात भेटला. 2013 साली याच चमूने त्या एका रानातून आणखी आठ नव्या प्रजाती जाहीर केल्या, आणि तो निबंध छापला कोइमतूरहून निघणाऱ्या एका नियतकालिकाने.

त्याच रानातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. प्राणिशास्त्रज्ञ ग्युंथर यांनी 1872 साली लंडनमध्ये एका खरबरीत कातडीच्या बेडकाचं, म्हणजे टोडचं वर्णन केलं: अडेनोमस कँडियानस. शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला सापडला नाही, आणि नामशेषांच्या यादीत गेला. 2009 साली विक्रमसिंघेंच्या चमूला तो ओढ्याकाठी मिळाला, 2012 साली निबंध आला, 'मेलेला परत आला' म्हणून जगभर बातम्या झाल्या. इथवर सरळ आहे. पण 1998 साली याच बेटावरून अडेनोमस डासी नावाचा एक टोड नवा म्हणून नोंदला गेला होता. 2015 साली दोघांची मापं, हाडं, डीएनए शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर दोघे एकच. म्हणजे ज्याला आपण नामशेष समजून शोधत होतो तो दहा-अकरा वर्षं आधीच सापडला होता, फक्त दुसऱ्या नावाने. काखेत कळसा म्हणतात तो हा. डासी हे नाव गेलं, 1872 चं राहिलं. डासी हे नाव देणाऱ्या दोघांची नावं 2015 च्या निबंधाच्या लेखकांतही आहेत. आपणच केलेली नोंद आपणच खोडायची, आणि तीही निबंध लिहून. सरकारी दप्तरात असं कधी पाहिलंय का तुम्ही?

समुद्र उथळ, अंतर लांब

राहिला आंबोलीचा धागा. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र इतका उथळ आहे की हिमयुगात पाणी खाली गेलं की जमीन जोडली जायची, आणि असं अनेकदा झालंय. त्यामुळे जुनी समजूत अशी की श्रीलंकेचे प्राणी म्हणजे दक्षिण भारताच्याच प्राण्यांची शाखा. 2004 साली फ्रँकी बॉस्युइट आणि सहकाऱ्यांनी बेडूक, साप, मासे, खेकडे अशा कितीतरी गटांचे डीएनए तपासले तेव्हा चित्र निराळं निघालं. पूल होता, पण ये-जा फारच थोडी. कारण पुलाच्या दोन्ही टोकांना कोरडा, सपाट मुलूख. ओल्या मातीवाचून न जगणाऱ्या बेडकाला रामसेतू असून काय उपयोग?

तरी कधीतरी कुणीतरी ओलांडलंच. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी झुडपी बेडकांचे पूर्वज भारतातून बेटावर गेले, तिथे फुलले, आणि पुढे, सुमारे 90 लाख वर्षांपूर्वी, त्यातली एक शाखा परत भारतात आली. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक झुडपी बेडूक राओर्केस्टिस या वंशातले. हा वंश 2010 साली वेगळा काढला आणि सी. आर. नारायण राव या जुन्या बेडूकतज्ज्ञांचं नाव त्याला दिलं. पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावाचा घाटेई, 2013 साली महाराष्ट्रातून नोंदलेला, तो याच वंशातला. पण श्रीलंकेहून परतलेल्या त्या शाखेची तीन-चार घरं अजून सह्याद्रीत आहेत, आणि त्यातलं एक सिंधुदुर्गात. 2009 साली बेडूकतज्ज्ञ एस. डी. बिजू आणि बॉस्युइट यांनी त्याला नाव दिलं. स्यूडोफिलॉटस आंबोली. वंश सिंहली, आडनाव मालवणी मुलखाचं.

मी जुलैत आंबोलीला गेलो होतो. रात्री हॉटेलमागच्या कारवीत टिक् टिक् टिक् चालू होतं. टॉर्च मारला की बंद, विझवला की सुरू. वीस मिनिटं भिजल्यावर एक दिसला. पानाच्या देठावर, गळ्याखाली फुगा, अंग मातकट, पाठीवर पुसट खूण. फोटो काढला, दोन मित्रांना पाठवला. एक म्हणाला आंबोली, दुसरा म्हणाला बॉम्बेएन्सिस. हा दुसरा मात्र राओर्केस्टिस. नाव मुंबईचं, कारण त्या काळी कॅसल रॉक मुंबई इलाख्यात होतं, आणि नोंद झाली ती तिथून. दोघं मित्र रात्री साडेबारापर्यंत ग्रुपवर भांडत होते. शेवटी दोघांनी एकच विचारलं, आवाज घेतलास का?

घेतला होता. चाळीस सेकंदांचा. पंचविसाव्या सेकंदाला हॉटेलचा पोऱ्या विचारतो, "साहेब, गॅस बंद करतोय, चहा सांगायचा असेल तर आत्ता सांगा," आणि तिथून पुढे बेडूक गप्प.